न्हाणीच्या छपरातून येणारे ऊन बाहेरच अडवावे



काजूचा हंगाम संपत येतो, त्याच दिवसांत लाटंबार्से गावात उन्हाची काहिली सर्वांत जास्त असते. या दिवसांत घरातील सर्वांत तापलेली जागा कोणती, असे विचारले तर बहुतेक घरी स्वयंपाकघराचे नाव सांगतील. पण दुपारी साडेबाराच्या सुमारास जरा आपल्या न्हाणीत जाऊन पाहावे. वर काचेची कौले किंवा पारदर्शक पत्रा असेल, तर खालची लादी पायाला चटका देते, भिंतीतून वाफ येते आणि दोन मिनिटांत कपाळावर घाम उभा राहतो.

उजेडासाठी ठेवलेल्या त्या जागेतून उजेडाबरोबर उष्णताही आत येते. उजेड ठेवावा आणि उष्णता टाळावी, हे कमी खर्चात साधता येते. त्यासाठी एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ऊन अडवायचे ते काचेच्या वर, छपराच्या बाहेर. आत आलेले ऊन पडद्याने अडवले तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. असे का, ते या धड्यात पाहू.

काचेचे कौल आपल्याकडे कसे आले

आपल्या जुन्या घरांवर हाताने थापलेली अर्धगोल नळ्याची कौले असत. नंतर मंगळुरी कौले आली. १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. तेथून हे चपटे, एकमेकांत अडकणारे कौल पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरले आणि गोव्याच्या घराघरांवर चढले. त्याच मापाचे काचेचेही कौल निघाले. मातीचे एक कौल काढून त्या जागी काचेचे बसवले की अंधाऱ्या खोलीत उजेड येई. भिंत फोडायला नको, खिडकी नको.

त्या काळी एका खोलीला एक, फार तर दोन काचेची कौले असत. आता पद्धत बदलली आहे. मागील दारी न्हाणी आणि संडास नव्याने बांधताना वर फायबरचा किंवा पॉलिकार्बोनेटचा अख्खा पत्राच घालतात. तो हलका असतो, लवकर बसतो आणि दिवा लावावा लागत नाही. पण एका कौलाइतके भोक आणि अख्खा पत्रा यांत फार अंतर आहे.

गोव्याच्या जुन्या लोकांना उजेड गाळून घेण्याची कला अवगत होती. जुन्या घरांच्या आणि चर्चांच्या खिडक्यांना खाडीतील चपट्या शिंपल्यांची तावदाने बसवलेली आपण पाहिली असतील. शिंपल्यातून उजेड येतो तो मऊ आणि पसरलेला. डोळे दिपत नाहीत आणि उन्हाची तिरीप थेट अंगावर येत नाही. शिवाय ती तावदाने भिंतीत, वळचणीच्या सावलीत असत, ही महत्त्वाची गोष्ट आहे.

ऊन आत आले की त्याची उष्णता होते

सूर्यप्रकाशातील जवळजवळ निम्मी शक्ती डोळ्यांना दिसतच नाही. ती अंगाला उष्णता म्हणून जाणवते. दिसणारा उजेडही ज्या वस्तूवर पडतो तेथे जिरतो आणि त्याचीही अखेर उष्णताच होते. काचेतून ऊन सहज आत येते. लादी, बादली आणि भिंत तापते. तापलेल्या वस्तू आपली उष्णता परत बाहेर टाकू पाहतात, पण त्या उष्णतेची जात उन्हापेक्षा वेगळी असते आणि तिला काच वाट देत नाही. तापलेली हवाही छपराखाली कोंडून राहते. आत येणाऱ्याला दार उघडे आणि बाहेर जाणाऱ्याला बंद, असा हा प्रकार आहे.

१७६७ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी काचेच्या झाकणाच्या पेट्या करून त्या उन्हात ठेवल्या. पुढे सुधारलेल्या पेटीत उष्णता पाणी उकळण्याच्या अंशाच्याही वर गेली. आत विस्तव नव्हता, केवळ ऊन होते. सौरचूल याच तत्त्वावर चालते. उन्हात काचा लावून उभी केलेली मोटार आतून भट्टी होते ती यामुळेच. पारदर्शक छपराची बंद न्हाणी हीसुद्धा अशीच एक मोठी पेटी आहे.

आता पडद्याचा विचार करू. काचेखाली गडद रंगाचा कपडा ताणला, तर ऊन लादीवर पडायचे थांबते. पण ते आत आलेलेच असते. कपडा तापतो आणि त्याची उष्णता खोलीतच राहते. सुपारीच्या कोवळ्या रोपांना ऊन लागू नये म्हणून आपण झाप रोपांच्या वर घालतो. न्हाणीचेही तसेच करावयाचे आहे.

मे महिन्यात सूर्य कोठे असतो

लाटंबार्से गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेपंधरा अंशांहून किंचित अधिक अंतरावर आहे. त्यामुळे वर्षातून दोन वेळा, ३ मेच्या आसपास आणि १० ऑगस्टच्या आसपास, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. आपल्याकडे ही वेळ घड्याळात बाराला नसून साडेबाराच्या सुमारास असते. त्या दिवशी मुलांना अंगणात एक सरळ काठी रोवून पाहायला सांगावे. काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी झालेली दिसेल.

ऑगस्टात ढग असतात, पण मेमध्ये आकाश बहुधा मोकळे असते. सूर्य डोक्यावर असताना भिंतीतील खिडकीतून दुपारचे ऊन जवळजवळ येत नाही. सगळा मारा छपरावर होतो. म्हणून खिडकीपेक्षा छपरातील काच उन्हाळ्यात अधिक त्रास देते.

काही लोक म्हणतात, काचेचे कौल उत्तरेकडच्या पाख्यावर बसवले की ऊन लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत हे बरेचसे खरे आहे, कारण तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. पण मेच्या पहिल्या आठवड्यानंतर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच जातो. ज्या महिन्यात त्रास जास्त, त्याच महिन्यात उत्तरेचे पाखे वाचवीत नाही. तेव्हा दिशेवर विसंबून राहू नये.

थोडा हिशेब

निरभ्र आकाशात भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट इतकी सूर्याची शक्ती पडते. मंगळुरी कौले शंभर चौरस फुटांना साधारण १५० लागतात, म्हणजे एका चौरस मीटरला सोळा. दोन काचेच्या कौलांवर सव्वाशे वॅट पडतात आणि त्यांतील सुमारे शंभर वॅट आत येतात. शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब जितका तापतो, तितकी ही उष्णता झाली. ती सोसण्यासारखी आहे.

आता तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब असा स्वच्छ पारदर्शक पत्रा घेऊ. त्याची जागा दीड चौरस मीटरहून जास्त भरते. त्यातून आत येणारी शक्ती हजार वॅटहून अधिक होते. लहानशा न्हाणीत विजेची एक शेगडी दुपारभर पेटवून ठेवावी, तसे हे झाले.

उजेडाचाही हिशेब पाहावा. त्या दोनच कौलांतून भर दुपारी येणारा उजेड शंभर वॅटच्या सहा-सात बल्बांइतका असतो. न्हाणीत एवढ्या उजेडाची गरज नाही. त्यातील तीन हिस्से अडवून एक हिस्सा ठेवला तरी माणसाला साबण दिसतो आणि लादीवरचे शेवाळही दिसते. झाकले तर अंधार होईल, ही भीती म्हणूनच धरू नये.

प्रकृतीवर होणारा परिणाम

घाम सुकतो तेव्हा शरीर थंड होते. गोव्याच्या दमट हवेत घाम आधीच सावकाश सुकतो. न्हाणीतील हवा तर ओलीच असते. तेथे उष्णताही कोंडली की शरीराचा हा उपाय लंगडा पडतो. पुढील माणसांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी.

वृद्ध माणसे: उष्णतेने कातडीतील रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर उभे राहताना एकदम चक्कर येऊ शकते. ओल्या लादीवर पडून म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर ते घर वर्षभर सावरत नाही. त्यांची आंघोळ सकाळी किंवा सूर्य कलल्यावर व्हावी. न्हाणीत बसायला बाक आणि धरायला पक्की दांडी असावी. आतून कडी लावू नये.

बाळंतीण आणि तान्हे मूल: आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला कढत पाण्याने न्हाऊ घालण्याची रीत आहे. एका बाजूला भाणाखालची चूल, दुसऱ्या बाजूला कढत पाणी आणि वर तापलेला पत्रा. तान्ह्या मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते आणि त्याला सांगता येत नाही. उन्हाळ्यात बाळाला सकाळी लवकर न्हाऊ घालावे, पाणी कोमट असावे आणि वरून पडणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात त्याला कधी ठेवू नये.

काम करून आलेला माणूस: काजूच्या रानातून किंवा भट्टीवरून दुपारी आलेल्याने लगेच तापलेल्या न्हाणीत शिरू नये. आधी सावलीत बसावे, पाणी प्यावे, अंग निवू द्यावे. घाम फार गेला असेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे घ्यावे. चमचा चहाचा असावा. मीठ मापापेक्षा जास्त घालू नये.

अंग फार तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत आणून कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतावे आणि वारा घालावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

माळ्यावरील बियाणे

काचेचे कौल केवळ न्हाणीवरच असते असे नाही. माळ्यावर आणि कोठारातही ते असते. बियाण्याच्या शास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात. साठवणीच्या जागेची उष्णता पाच अंश सेल्सियसने कमी केली की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते आणि बियाण्यातील ओल एका टक्क्याने कमी केली तरी ते दुप्पट होते. याचा उलटा अर्थही खरा आहे. काचेच्या कौलाखाली ठेवलेली भाताची मुडी रोज दुपारी तापते, तेव्हा तिचे आयुष्य घटत जाते. जूनमध्ये रोपे विरळ उगवली की आपण पावसाला दोष देतो. दोष कधी कधी छपरातील काचेचाही असतो.

बियाणे नीट वाळवून, बारा-तेरा टक्क्यांवर ओल नाही असे करून, काचेपासून दूर आणि भिंतीपासून थोडे सुटे ठेवावे. आमसुले, मिरची, औषधाच्या बाटल्या यांनाही हाच नियम लावावा. घरात इन्सुलिन घेणारे कोणी असेल, तर ते औषध अशा खोलीच्या फळीवर ठेवू नये.

वरून करावयाचे उपाय

१. शेडनेट. रोपवाटिकेसाठी जी हिरवी किंवा काळी जाळी मिळते, तिचा उरलेला तुकडा यासाठी पुरतो. तीन-चतुर्थांश सावली देणारी, म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांची जाळी घ्यावी. बांबूच्या कांबींची चौकट करून तिच्यावर जाळी ताणून बांधावी. ही चौकट काचेला चिकटून न ठेवता वीतभर वर राहील अशी बसवावी. जाळी स्वतः तापते, पण मधून वारा वाहिला की ती उष्णता बाहेरच निघून जाते. चौकट काचेपेक्षा चहूबाजूंनी हातभर मोठी असावी, म्हणजे तिरके ऊनही अडते.

२. झाप. जाळी नसेल तर माडाच्या चुडतांचे विणलेले झाप त्याच पद्धतीने घालावे. विरळ विणीचे एक झाप पुरते. न्हाणीत चूल पेटत असेल, तर धुराच्या वाटेपासून सुके झाप दूर ठेवावे. एक ठिणगी घर पेटवू शकते.

३. खडूचे पाणी. परदेशात काचघरात रोपे वाढवणारे माळी उन्हाळ्यात काचेला बाहेरून खडूचे किंवा चुन्याचे पांढरे पाणी मारतात. आपल्या काचेच्या कौलांनाही हे चालते. मार्चमध्ये एक पातळ हात द्यावा. पांढरा रंग बरेचसे ऊन परत फेकतो आणि उजेड मऊ करून आत सोडतो. जूनमध्ये पावसाची झड लागली की तो आपोआप धुऊन जातो आणि ढगाळ दिवसांत हवा असलेला उजेड पुन्हा मिळतो. आपल्या हवेला हा उपाय फार सोयीचा आहे. मात्र प्लॅस्टिकच्या पत्र्याला चुना लावू नये. चुन्याच्या क्षाराने पॉलिकार्बोनेट आणि फायबर दोन्ही खराब होतात. त्यांना खडूची पूड पातळ पेजेत कालवून लावावी. छपराचे पाणी पिण्यासाठी साठवीत असाल, तर पहिल्या काही सरींचे पाणी वाहून जाऊ द्यावे.

४. पत्र्यावर पत्रा. पारदर्शक पत्रा अख्खा असेल, तर त्यावर चार बोटे उंच लाकडी पट्ट्या घालून साधा पांढरा किंवा चकचकीत पत्रा बसवावा आणि एका बाजूला वीतभर रुंदीची पट्टी उघडी ठेवावी. न्हाणीला तेवढा उजेड पुष्कळ होतो.

५. वेलीचा मांडव. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी जानेवारीत न्हाणीच्या मागे दुधी भोपळ्याचे बी लावावे. न्हाणीचे सांडपाणी त्याला मिळते. छपराच्या वर स्वतंत्र खांबांवर मांडव घालून वेल त्यावर चढवावी. मार्चअखेर सावली होते आणि भाजीही मिळते. मांडवाचा भार कौलांवर किंवा पत्र्यावर टाकू नये.

मे संपण्यापूर्वी जाळी, झाप आणि चौकटी उतरवून ठेवाव्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो, त्याआधीची वादळी वावटळ सैल बांधलेली चौकट उचलून शेजाऱ्याच्या घरावर टाकते.

आतूनच करावे लागले तर

भाड्याच्या घरात किंवा उंच छपरावर बाहेरून काही करता येत नाही. परदेशात काही लोक मोटारीलाच घर जोडून गावोगाव हिंडतात. त्यांच्या लहानशा न्हाणीच्या डोक्यावर प्लॅस्टिकची घुमटी असते आणि त्यांनाही हाच त्रास होतो. त्यांतील काही जण आतून जाड उशीसारखे बूच बसवतात. ऊन अडते, पण घुमटी आणि बूच यांच्यामध्ये कोंडलेली उष्णता प्लॅस्टिकला वाकवते. काहींनी म्हणून बाहेरून झाकण करून घेतले. आपणही तो धडा घ्यावा.

आतून करायचेच असेल तर पुठ्ठ्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद चिकटवून त्याची चकचकीत बाजू आकाशाकडे करावी. उजेड हा उजेड असतानाच परत फेकला गेला, तर तो काचेतून बाहेर जाऊ शकतो. एकदा उष्णता झाल्यावर तो जात नाही. पुठ्ठा काचेला चिकटवू नये. चार बोटे अंतर ठेवावे आणि बाजूने गरम हवेला वाट राहू द्यावी. काळे कापड, डांबरी कागद किंवा थर्माकोल काचेला खालून घट्ट लावू नये. काच एका बाजूला फार तापून तडकते. थर्माकोल तर लगेच पेट घेतो.

तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतण्याची काहींना सवय असते. त्यानेही काच फुटते. खाली कोणी असेल तर ते जिवावर बेतेल.

तीन गोष्टी कधीही करू नयेत

पहिली: ऊन अडवताना हवेचा झरोका बुजवू नये. न्हाणीत गॅसचा गिझर असेल, तर ही मरणाची गोष्ट आहे. बंद खोलीत गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो तेथेच राहतो. चुलीच्या धुरातही हाच वायू असतो. गिझर न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. खाली एक आणि वर एक असे दोन झरोके कायम उघडे असावेत. वरच्या झरोक्यातून तापलेली हवाही जाते, म्हणजे दोन्ही कामे होतात.

दुसरी: प्लॅस्टिकच्या किंवा सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये. वर्षानुवर्षे उन्हात राहून प्लॅस्टिक ठिसूळ होते. वरून ते धडधाकट दिसते, पण माणसाच्या वजनाने खचते. काम शिडीवरूनच करावे. वर जाणे टळत नसेल, तर खालच्या वाशांच्या रेषेत आडवी मजबूत फळी टाकून तिच्यावरच बसावे. खाली एक माणूस उभा असावा. काम सकाळी लवकर आटपावे आणि ओल्या छपरावर मुळीच चढू नये. मुलांना वर पाठवू नये.

तिसरी: सिमेंटचे जुने पत्रे कापू, घासू किंवा फोडू नयेत. त्यांतील पुष्कळांत ॲस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ श्वासाबरोबर आत गेली, तर अनेक वर्षांनी फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. असे पत्रे काढावेच लागले, तर पाण्याने भिजवून अख्खेच उतरवावेत.

नवीन न्हाणी बांधताना

खर्च करायचाच असेल तर तो आधी विचाराने करावा. छप्पर मातीच्या कौलांचे ठेवावे आणि त्यात एकच काचेचे कौल घालावे. वळचणीखाली भिंतीत उंचावर एक आडवी जाळीची खिडकी ठेवावी. सूर्य डोक्यावर असला तरी वळचणीची सावली तिच्यावर असते आणि पसरलेला उजेड आत येतो. न्हाणी घराच्या पूर्वेला असेल तर सकाळचे ऊन लादी वाळवते आणि दुपारनंतर घराचीच सावली तिच्यावर पडते. लादी वाळणे हेही आरोग्याचेच काम आहे. ऊन पूर्णपणे हद्दपार केले तर शेवाळ आणि बुरशी घर करतात. म्हणून वर सांगितलेले झाकण मार्च ते मे या तीन महिन्यांचेच समजावे.

अभ्यासासाठी प्रश्न

वाड्यावरील मंडळींनी एकत्र बसून पुढील प्रश्नांचा विचार करावा.

१. आपल्या न्हाणीवर काचेची कौले किती आहेत, की अख्खा पत्रा आहे? सोळा कौलांना एक चौरस मीटर या मापाने भर दुपारी त्यावर किती वॅट पडतात, ते काढा.

२. एकाच मापाची दोन भांडी पाण्याने भरून साडेअकरा वाजता न्हाणीत उन्हाच्या पट्ट्यात आणि सावलीत ठेवा. दीड वाजता दोन्हींत बोट बुडवून फरक सांगा. वर जाळी बांधल्यावर पुन्हा करून पाहा.

३. आपल्या घरी गॅसचा गिझर कोठे आहे? न्हाणीचा वरचा झरोका उघडा आहे काय? कोणी थंडीत तो बोळ्याने बुजवला असेल, तर बोळा आजच काढा.

४. आपल्या वाड्यावर एकटी राहणारी वृद्ध माणसे कोण आहेत? त्यांच्या छपरावर चौकट बांधून देण्यास कोण कोण येईल आणि कोणत्या दिवशी, ते ठरवा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडी न देता कागदावर लिहावे. जाळीचा तुकडा, चार कांबी आणि थोडी सुंभाची दोरी एवढे सामान पुरते. एका सकाळी तीन घरे होतात. साडेआठनंतर छपरे तापू लागतात, तेव्हा उजाडतानाच कामाला लागावे.